जुनी बस कुठे जाते? : बस बनवणाऱ्या कंपनीला खुले पत्र

प्रति,
व्हीई कमर्शियल व्हेइकल्स या कंपनीचे संचालक मंडळ

महोदय,

हे पत्र लोधीखेड्याहून लिहीत आहे. नागपूर-छिंदवाडा भागातले, सौंसर तहसिलातले हे गाव २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. आयशर मोटर्स आणि स्वीडनचा व्होल्वो समूह यांनी २००८ साली एकत्र येऊन तुमची कंपनी उभी केली. पिथमपूरचा ट्रकचा कारखाना त्याहून जुना. धार जिल्ह्यातल्या बग्गडला तुमच्या बसा बांधल्या जातात आणि २०२० मध्ये व्होल्वोचा भारतातला बस व्यवसायही तुमच्यात सामील झाला. म्हणजे बस कशी असावी हे ठरवणारे एक मोठे घर आमच्याच राज्यात आहे. तुमच्या भागीदार समूहाने २०४० पासून विकली जाणारी आपली प्रत्येक नवी गाडी खनिज इंधनाशिवाय चालणारी असेल, असे उद्दिष्ट जाहीर केले आहे. ते मी मनापासून मानतो. माझे म्हणणे इतकेच की हे उद्दिष्ट नव्या गाडीबद्दल बोलते आणि आमच्या रस्त्यावरचा धूर जुन्या गाडीचा आहे. पर्यावरणासाठी कंपनीने काय केले हे मोजायचे तर नवी बस किती स्वच्छ आहे एवढे पाहून भागणार नाही. तिच्यामुळे कोणती जुनी बस रस्त्यावरून कायमची उतरली, हेही पाहावे लागेल. आज ते कोणी पाहत नाही.

आधी हा रस्ता समजून घ्यावा. नागपूर इथून साठेक किलोमीटर, छिंदवाडाही जवळपास तेवढेच. सीमा सातनूरला ओलांडली तरी भाषा, सोयरिक, बाजार आणि दवाखाना नागपूरकडेच आहेत. १९५६ पर्यंत नागपूर ही आमचीही राजधानी होती. संत्र्याचा व्यापार कळमन्याशी, मोठ्या दुखण्याला मेडिकल किंवा मेयो, बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे मजूर, शनिवारी जाम सावळीच्या हनुमानाला जाणारे भाविक, हे सारे बसवर अवलंबून आहेत. राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय मध्य प्रदेश सरकारने २००५ साली घेतला आणि पुढच्या काही वर्षांत निगमची लाल गाडी दिसेनाशी झाली. २०१५ च्या अखेरीस नागपूर-छिंदवाडा छोटी रेल्वेही रुंदीकरणासाठी बंद पडली. मोठी लाइन पूर्ण होऊन गाडी धावेपर्यंत काही वर्षे गेली आणि त्या काळात सगळी सवारी रस्त्यावर आली. महाराष्ट्राची एसटी सीमेपलीकडून येते, पण गावोगावची वाहतूक खाजगी मालकांच्या हाती आहे. एकेकाकडे एक, दोन, फार तर पाच-सहा गाड्या. देशभरातही चित्र वेगळे नाही. भारतातल्या दहापैकी नऊहून अधिक बसा खाजगी मालकीच्या आहेत. बसच्या बाजाराचा खरा गिऱ्हाईक हा आहे, आणि पर्यावरणाच्या नावाने आखलेल्या जवळजवळ प्रत्येक योजनेत नेमका हाच बाहेर राहिला आहे.

हा मालक कोणती बस चालवतो? २०१० साली बीएस-४ हे वाहनांच्या धुराचे मानक फक्त तेरा मोठ्या शहरांत लागू झाले. बाकी देशाला, म्हणजे आम्हाला, बीएस-३ पुरेसे मानले गेले. ही दुहेरी व्यवस्था मार्च २०१७ पर्यंत चालली. त्या वर्षी २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा देशातल्या उत्पादकांकडे अशी आठ लाखांहून अधिक वाहने पडून होती आणि त्यांत सुमारे ९६ हजार व्यापारी वाहने होती. शिल्लक माल विकू द्या, असे उद्योगाचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही, तरी उरलेल्या दोन दिवसांत मोठी सूट देऊन गाड्या विकल्या गेल्या. अशी गाडी आज पुरती म्हातारीही झालेली नाही आणि कायद्याने रस्त्यावर चालू शकते. डिझेलच्या मोठ्या इंजिनासाठी बीएस-३ मध्ये काजळीची मर्यादा एका किलोवॉट-तासामागे ०.१० ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ०.०१ आहे. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा ५ ग्रॅमवरून ०.४ वर आली. कागदावरचा हिशेब धरला तरी बीएस-३ ची एक बस काजळीच्या बाबतीत बीएस-६ च्या दहा बसांइतकी आहे. इंजिन झिजलेले आणि देखभाल जेमतेम असली की फरक आणखी वाढतो. दिल्लीत दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी आणली, आणि त्याबरोबर अशा गाड्यांना दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी ना-हरकत दाखला मिळण्याची वाटही उघडी राहिली. राजधानीची हवा सुधारावी हे योग्यच. पण तिथून निघालेली गाडी भंगारात जाण्याऐवजी कुठल्या तरी तहसिलाच्या बसस्टँडवर उभी राहिली, तर देशाच्या हवेत काय फरक पडला? एका फुप्फुसातला धूर दुसऱ्या फुप्फुसात गेला.

यावर उत्पादकाचे ठरलेले उत्तर असते: बाजार मागतो ते आम्ही बनवतो आणि कायदा सांगतो तितके स्वच्छ बनवतो. तुमच्याच कारखान्याचा इतिहास या उत्तराच्या आड येतो. पिथमपूरच्या तुमच्या इंजिन कारखान्यात २०१३ पासून व्होल्वो समूहासाठी युरो-६ क्षमतेची मूळ इंजिने तयार होऊ लागली आणि युरोपला जाऊ लागली. भारतात त्याच तोडीचे बीएस-६ सक्तीचे झाले १ एप्रिल २०२० रोजी. सात वर्षे मध्य प्रदेशातले कामगार, मध्य प्रदेशातल्या जमिनीवर, युरोपच्या हवेला चालेल असे इंजिन बनवत होते, आणि त्याच वर्षांत मध्य प्रदेशातल्या रस्त्यांसाठी बीएस-३ आणि बीएस-४ च्या गाड्या विकल्या जात होत्या. इथले डिझेल तेव्हा तितके गंधकमुक्त नव्हते आणि त्या इंजिनाला तसे डिझेल लागते, हे मला मान्य आहे. दशलक्षात पन्नास भागांवरून गंधक दहा भागांवर आणण्यासाठी तेल कंपन्यांना मोठा खर्च करावा लागला. म्हणून तुम्ही २०१३ सालीच इथे युरो-६ विकायला हवे होते, असे मी म्हणत नाही. पण ज्ञान, हात आणि यंत्रे इथेच होती, कमी होती ती मागणी आणि सक्ती, एवढे यावरून सिद्ध होते. दिल्लीनेही तेच दाखवले. जुलै १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतल्या सगळ्या बसा सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला, तेव्हा इतक्या गाड्या आणि इतका गॅस आणायचा कुठून, असा प्रश्न सगळीकडून आला. मुदत एकाहून अधिक वेळा हुकली, ओढाताण झाली, प्रवाशांचे हाल झाले, पण २००२ संपता संपता दिल्लीच्या बसा सीएनजीवर होत्या आणि त्या भारतीय कारखान्यांनीच पुरवल्या होत्या. बाजाराचा कल नियमांनी आणि उत्पादकांनी मिळून घडवलेला असतो. त्याच्यामागे उभे राहून जबाबदारी टाळता येत नाही.

आता विजेच्या बसकडे येतो. केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सात हजारांवर बसांना अनुदान ठरले, पण ते सार्वजनिक परिवहन संस्थांनी कंत्राटावर चालवायच्या बसांसाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा दहा हजार बसांची, मुख्यतः तीन लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी. मध्य प्रदेशातून त्यात सुरुवातीला इंदूर, भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर, उज्जैन आणि सागर आले. छिंदवाड्याचे नाव नाही, मग सौंसर-पांढुर्ण्याचा विचार कोण करणार? सप्टेंबर २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये चौदा हजारांवर बसा आहेत, त्यांचा मुख्य भर चाळीस लाखांहून मोठ्या नऊ महानगरांवर. पैसा तिथे, म्हणून गाडीचा आराखडाही तिथल्यासाठी: लो-फ्लोअर, वातानुकूलित, आगारात रात्रभर चार्ज होणारी, शहरात दिवसाला दोनशे किलोमीटर फिरणारी बस. आमच्या मालकाला हवी ती वेगळी. टपावर नाही तरी पोटात संत्र्याच्या पेट्या आणि बियाण्याची पोती घेणारी, सिल्लेवानीचा घाट भरल्या सवारीने चढणारी, आडरस्त्याच्या खड्ड्यांत तळ न घासणारी, आणि दुपारच्या तासाभराच्या मुक्कामात चार्ज होऊन परतीला लागणारी. घाटात वीजबस उलट फायद्याची आहे, कारण उतरताना मोटरच ब्रेकचे काम करते आणि थोडी वीज परत मिळवते. तुम्ही आयशर स्कायलाइन प्रो-ई ही विजेची बस काही वर्षांपूर्वीच केली, तिच्यासाठी पुण्याच्या केपीआयटीचे तंत्रज्ञान वापरले, चंदीगडला तुमच्या वीजबसा धावल्या. जानेवारी २०२५ मध्ये तुम्ही प्रो एक्स हा छोटा मालवाहू ट्रक आणला, तो आधी विजेचा म्हणूनच आखलेला. म्हणजे माल वाहणाऱ्या छोट्या मालकाचा विचार करून स्वच्छ गाडी बनवणे तुम्हाला जमते आणि परवडते. तीस-चाळीस माणसे वाहणाऱ्या छोट्या मालकासाठी तसा विचार अजून झालेला नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्याकडची वीज कोळशाची आहे. नागपूरला जाताना कोराडीच्या चिमण्या रस्त्यावरूनच दिसतात, पलीकडे खापरखेडा, इकडे बैतुल जिल्ह्यात सारणी. मग विजेची बस स्वच्छ कशी? हिशेब मांडू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी बस किलोमीटरमागे ०.६ किलो सोडते. भारतात एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास उत्सर्जन होते आणि मोठी वीजबस किलोमीटरला साधारण एक युनिट खाते. म्हणजे कार्बनपुरते पाहिले तर आज बरोबरी, कदाचित डिझेल जरा पुढेच. वीजबस विकणाऱ्या जाहिरातींत हा आकडा सहसा येत नाही. तरीही मी वीजबसच्या बाजूने आहे. एक तर डिझेलची बस पंधरा वर्षे तेवढाच धूर सोडते, वाढला तर वाढतो. विजेची बस मात्र ग्रिडमध्ये सौरऊर्जा वाढेल तशी आपोआप स्वच्छ होत जाते. दुपारच्या मुक्कामात, उन्हाच्या वेळी चार्ज होणारी मुफसलची बस तर रात्री चार्ज होणाऱ्या शहरी बसपेक्षा लवकर स्वच्छ होईल. दुसरे, काजळी स्टँडवर बसलेल्या लेकराच्या नाकाशी निघते की उंच चिमणीतून, याने फरक पडतो. अर्थात कोराडीच्या भोवती राहणाऱ्यांना तो फरक सांगायला माझी जीभ रेटत नाही, त्यांच्या राखेचा प्रश्न वेगळा सोडवावाच लागेल. पण या हिशेबातून मुख्य गोष्ट निघते ती ही: कार्बन जवळपास सारखाच असेल, तर आज मिळणारा मोठा लाभ काजळीतला आहे, आणि तो नवी बस विजेची आहे की बीएस-६ डिझेलची यापेक्षा, ती कोणाच्या जागी आली यावर ठरतो. बीएस-६ ची चांगली बस काढून तिच्या जागी वीजबस आणली तर हवेला थोडेच मिळते. बीएस-३ ची खिळखिळी बस काढून बीएस-६ ची किंवा सीएनजीची आणली, तरी पुष्कळ मिळते.

दुसरा आक्षेप पैशाचा. छोटा मालक एवढी महाग गाडी घेणार कशी आणि त्याला उधार देणार कोण? महाराष्ट्राच्या एसटीने २०२४ मध्ये अशोक लेलँडकडून २,१०४ डिझेल बसा मागवल्या, त्या सुमारे ९८२ कोटींना, म्हणजे गाडीमागे साधारण ४७ लाख. मोठी वीजबस कोटीच्या पुढे जाते. एकरकमी घेणे अशक्य, हे खरे. पण परिवहन संस्थासुद्धा वीजबस एकरकमी घेत नाहीत, त्या किलोमीटरवर पैसे देतात आणि गाडी, बॅटरी, देखभाल कंत्राटदाराकडे राहते. त्या व्यवहारात धोका नव्हता असेही नाही. संस्थांकडून पैसे वेळेवर मिळण्याची हमी नाही, म्हणून टाटा मोटर्स २०२३ मध्ये मोठ्या निविदेपासून दूर राहिली. पुढच्या वर्षी केंद्राने ३,४३५ कोटींची देयक-सुरक्षा योजना आणली, तीही सरकारी संस्थांपुरती. छिंदवाडा रस्त्यावरचा मालक तिकिटाचे रोख पैसे त्याच संध्याकाळी मोजतो. त्याचे उत्पन्न लहान आहे, पण कुठल्या कार्यालयाच्या फायलीत अडकलेले नाही. एका मालकाची पत कमी असेल, तर दहा मालकांची मिळून सोसायटी करता येईल, तिच्याशी किलोमीटरवारीचा करार करता येईल, बॅटरी कंपनीच्या नावावर ठेवता येईल. वसुलीचा धोका अशा करारात जास्त आहे असे गृहीत धरण्याआधी तो कधी तपासला गेला आहे का?

तिसरी अडचण मालकांची आहे आणि ती कंपनीने ऐकलीच पाहिजे. जुनी गाडी त्यांना प्रिय आहे, कारण तिला रस्त्याकडेचा मिस्त्री दुरुस्त करतो. बीएस-६ गाडीत काजळी अडवणारा फिल्टर आहे, युरियाची वेगळी टाकी आहे, सेन्सर आहेत. दर दोन किलोमीटरला थांबणाऱ्या गावगाडीत इंजिन पुरते तापत नाही, फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, गाडीची ताकद घटते, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर नागपूरला किंवा छिंदवाड्याला. दोन दिवसांची फेरी बुडाली की महिन्याचा हप्ता चुकतो. अशा वेळी ती यंत्रणाच निकामी करण्याचा मोह होतो आणि मग गाडी कागदावर बीएस-६ पण प्रत्यक्षात त्या मानकाहून वाईट ठरते. हा दोष मालकाच्या माथी मारून चालणार नाही. सौंसरला, पांढुर्ण्याला दोन-चार मिस्त्री तुमच्या यंत्रणेवर शिकवून तयार करणे हे पर्यावरणाचेच काम आहे. माझ्या मते गाडीच्या जाहिरातीवर होणाऱ्या खर्चापेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

तंत्रज्ञान आणून ते टिकवण्याची व्यवस्था न केल्यास काय होते, याचे उदाहरण आम्ही साठ किलोमीटरवर पाहिले. ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवर चालणारी स्कॅनियाची हिरवी बस धावली, देशातली पहिलीच. विदर्भाच्या मोठ्या शहरात असे काही होते आहे याचा इथेही अभिमान होता. पुढे पंचावन्न बसांचा करार झाला. मग देणी, कर आणि आगाराच्या सोयी यांवरून महापालिकेशी मतभेद झाले आणि २०१८ साली सेवा बंद पडली. स्कॅनियाने त्याच सुमारास कर्नाटकातल्या नरसापूरची बसबांधणीही आवरली. इंधन वाईट नव्हते, गाडी वाईट नव्हती, पण एकच गिऱ्हाईक, एकच करार आणि तो मोडल्यावर गाडी घ्यायला दुसरे कोणी नाही. तुमच्या समूहालाही बदलत्या बाजाराची झळ ठाऊक आहे. मार्च २०२३ मध्ये व्होल्वोने पोलंडमधल्या व्रोत्सवाफचा कारखाना सोडून युरोपात पूर्ण बस बांधणे थांबवण्याचा आणि चासी बनवून बॉडी इतरांकडून करून घेण्याचा निर्णय घेतला. तोट्याचा धंदा कोणी रेटत राहावा असे मी म्हणणार नाही. मात्र सरकारी निविदांवर उभा राहिलेला वीजबसचा बाजार असाच एका अनुदानाच्या टोकावर तोललेला आहे. अनुदान आटले की तोही आटेल. हजारो छोट्या मालकांपर्यंत पोचलेला बाजार इतक्या सहज कोसळत नाही. म्हणून हे मागणे तुमच्या हिताचेही आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे नियम जानेवारी २०२५ मध्ये निघाले आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. पंधरा वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या व्यापारी वाहनांत जितके पोलाद वापरले, त्याच्या आठ टक्क्यांइतके आता भंगारातून परत आल्याचे उत्पादकाने दाखवायचे आहे. २०३० पासून तेरा टक्के, २०३५ पासून अठरा. जुनी गाडी ही उत्पादकाचीही जबाबदारी आहे, हे तत्त्व प्रथमच मान्य झाले. पण हे उद्दिष्ट मान्यताप्राप्त भंगार केंद्रांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन पुरे करता येते. दिल्लीजवळ मोडलेल्या ट्रकच्या प्रमाणपत्रावर तुमचा हिशेब जुळेल आणि सौंसरच्या स्टँडवरची बीएस-३ जागेवरच राहील. ऑगस्ट २०२४ मध्ये तुमच्यासह व्यापारी वाहन उत्पादकांनी जुनी गाडी मोडणाऱ्याला नव्या गाडीवर सूट कबूल केली, साडेतीन टनांवरच्या मालवाहू वाहनाला तीन टक्के. बसबद्दल काय ठरले? तशी योजना बसांसाठीही विचारात घेता येईल, एवढेच. ४७ लाखांच्या गाडीवर तीन टक्के म्हणजे दीड लाखाच्या आत, आणि चालती जुनी बस मोडण्याऐवजी विकली तर याहून कितीतरी जास्त मिळतात. मग मालक ती मोडेल कशाला?

म्हणून मागणे स्पष्ट करतो. जुनी बीएस-२ किंवा बीएस-३ बस भंगार केंद्रात देणाऱ्या प्रवासी-बस मालकाला तिच्या बाजारभावाच्या जवळ जाणारी किंमत नव्या गाडीच्या हिशेबात मिळावी, आणि तुमच्या कायदेशीर आठ टक्क्यांतला ठरावीक वाटा अशाच बसांमधून यावा. शहरांच्या कंत्राटातून पुढच्या काही वर्षांत परत येणाऱ्या वीजबसा, बॅटरीची तपासणी करून आणि लागेल तिथे ती बदलून, हमीसह मुफसलच्या मालकांना द्याव्यात. शहरात रोज दोनशे किलोमीटरला अपुरी पडणारी बॅटरी लोधीखेडा ते नागपूर एका दमात जाऊ शकेल. नाहीतर आजवर डिझेलच्या बाबतीत झाले तेच होईल, वापरून टाकलेली गाडी हमीशिवाय आमच्याकडे येईल आणि तिच्यासोबत जुनी बॅटरीही. मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने १ एप्रिल २०२५ रोजी मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली आहे. निगम बंद झाल्यावर दोन दशकांनी राज्य पुन्हा मार्ग आखणार, वेळापत्रक ठरवणार आणि गाड्या खाजगी मालकच चालवणार आहेत. कोणत्या मार्गावर कोणत्या मानकाची गाडी, हे या योजनेत ठरेल. तिथे राज्याशी बोलायला मोठ्या कंत्राटदारांची माणसे जातीलच. एक-दोन गाड्यांच्या मालकाच्या बाजूने तुम्ही बोलावे, कारण त्याला विकायची गाडी तुमच्याकडे आहे आणि ती बांधणारे कामगार याच राज्यातले आहेत.

सुरुवात नागपूर-छिंदवाडा या एका मार्गावर करता येईल. त्यावर आज किती बसा कोणत्या मानकाच्या आहेत हे परिवहन विभागाच्या नोंदींतून कळू शकते. त्यांतल्या किती बसा तुम्ही पुढच्या तीन वर्षांत मोडीत काढाल आणि त्यांच्या जागी काय द्याल, हे तुमच्या पुढच्या वार्षिक अहवालात छापावे, अशी विनंती आहे. उत्तर आल्यास या भागातल्या बस मालकांपुढे, चालकांपुढे आणि प्रवाशांपुढे ते जाहीरपणे वाचले जाईल.

आपला,
लोधीखेड्याचा एक रहिवासी
(तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा)